खिळ्याला बोट लावलं नाही

काटेवाली गाडीत बसली की यंत्र मांडीवर घ्यायची, तान्ह्या लेकराला घ्यावं तसं. यंत्राच्या पोटात स्प्रिंगला टांगलेलं इवलंसं वजन. जमीन त्याला किती ओढते, ते यंत्राचा काटा दाखवतो. ज्वालामुखीच्या पोटात तप्त रस वर सरकला की त्या जागची ओढ केसभर बदलते. त्या केसभर फरकापायी बाईनं अर्धं आयुष्य डोंगर तुडवला. नवरा म्हणायचा, "माझं वजन कधी एवढ्या मायेनं बघितलं नाहीस!"

रीत ठरलेली. सकाळी पहिलं माप पायथ्याच्या गावात, थोरल्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत. तिथं फरशीत पितळी खिळा ठोकलेला, खाली अखंड खडक. ही जागा काटेवालीनंच सुचवलेली. तिथून एकेक ठिकाण करत डोंगराच्या तोंडापर्यंत जायचं नि परत खिळ्यावर यायचं. वरचं प्रत्येक माप या खिळ्याशी ताडायचं.

या खेपेला डोंगरावर सगळीकडं ओढ वाढलेली निघाली. बहिणीच्या अंगणात फोन वाजला. कचेरीतल्या मोठ्या बाई होत्या.

"गाव हलवायचं का, ते मला संध्याकाळपर्यंत सांगायचंय. तुला काय वाटतं?"

"वाढलीय खरी, बाई. पण तोंडाशी जेवढी, तेवढीच खाली पार उतारावर. रस असा सगळ्यांना सारखा वाटा देत फिरतो होय?"

"मलाही तेच खुपतंय. आधी तुझा खिळा तपास."

काटेवालीला ते झोंबलं. पण शंकाही चाळवली. ती आत गेली. बहीण गाठोडं बांधून दारातच उभी, मागं दाजी.

"जायचं का राहायचं, एकदाच काय ते सांग. शेळ्या गाडीत चढवायच्या म्हणजे जीव जातो माझा."

"थांब गं ताई. दाजी, खोलीत काही हलवलंत?"

"छे! खिळ्याला बोट लावलं असेल तर बघा! झाडतानासुद्धा लांबून झाडतो."

खरंच, खिळा चकचकीत होता. दाजींची नखं मात्र दगडाच्या भुकटीनं भरलेली. काटेवालीची नजर शेजारच्या स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात नव्या कोऱ्या फळ्या. तिनं एक उचलली. खाली पायऱ्या, नि पायऱ्यांखाली खोलीएवढा खड्डा.

"हे काय?"

"बटाटे ठेवायला. तुम्ही खिळा सांभाळा म्हणालात, तो सांभाळला. स्वयंपाकघराचं कुठं काय बोललात?"

काटेवाली टेप घेऊन खड्ड्यात उतरली. भिंतीपलीकडं, थोडं वर, तिचा खिळा. एवढा दगड उपसला म्हणजे खिळ्याची ओढ घटली. खिळा हलका झाला, नि त्याच्याशी ताडलेला अख्खा डोंगर उगाच जड दिसला. तिथंच बसून ती पोट धरून हसली. मग लांबी, रुंदी, खोली फोनवर सांगितली.

पलीकडं बटणांची टकटक झाली.

"खड्डा वजा केला, तर सगळं पहिल्यासारखं येतंय. गाव आज हलवत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. मग पुन्हा टकटक करून, "फक्त अगदी तोंडाजवळचं माप अजून जास्त आहे. थोडंसंच."

काटेवालीचं हसू थांबलं. "उद्या परत जाते."

ती वर आली तशी बहिणीनं विचारलं, "म्हणजे राहायचं ना?"

"आज राहा. गाठोडं मात्र सोडू नकोस."

"मग बटाटे तरी आत टाकू का?" दाजी म्हणाले.

"एकही नाही. बटाटापण ओढतो."

"आणि मी?"

"तुम्ही तर पोत्यानं ओढता! सकाळी मी मापायला बसले की अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभे राहा."