घरातल्या घरात सोयरीक

माझ्या धाकट्या भावाच्या पोटऱ्या आदिलाबादजवळच्या आमच्या जैनथ गावातल्या सगळ्या कबड्डीवाल्यांना ठाऊक होत्या. तो चढाईला निघाला की समोरचे मागे सरायचे. आणि पुढच्याच मोसमात त्याला चवड्यांवर उभं राहता येईना. टाचा जमिनीवरून उचलतच नव्हत्या.

मग सल्ले सुरू झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! बाबा म्हणाले, अंगचोर झालाय, बैठका मारू द्या. शेजारी म्हणाले, करणी. आदिलाबादच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं टोचली. भाऊ बिचारा पहाटे कपाशीच्या धुऱ्याने, बांधाबांधाने पळायचा आणि जेवून उठताना गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढायचा.

ते पळणंच त्याला खात होतं, हे मला फार उशिरा कळलं. स्नायूच्या पेशीला पातळ पडदा असतो. हालचालीत तो कुठे ना कुठे फाटतो. त्याला वाकवून, कडा जुळवून ठिगळ लावणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक माझ्या भावाच्या अंगात जन्मापासून बिघडलेलं. ठिगळ लागायचं नाही आणि आम्ही त्याला बैठका मारायला लावत होतो!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अखेर त्याला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला आणि आईबाबांना विचारलं, "तुम्ही नात्यातले का?" आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. डॉक्टर म्हणाले, "दोष दोघांच्याही रक्तात लपलेला आहे. एकेकट्याला तो त्रास देत नाही, दोन्हीकडून आला की मुलाला धरतो. धाकट्या मुलीला नात्यात देऊ नका."

आमची धाकटी बहीण पाळण्यात असल्यापासून मामाच्या मुलाला ठरलेली. आता तरी हे थांबेल, असं मला वाटलं. कसलं काय! परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "आता लवकर उरकून टाकू. बाहेरचे लोक भावाची चौकशी करतीन. मामा काई इचारनार नाई. घरातलं घरातच राह्यलेलं बरं."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे ज्या कारणासाठी द्यायची नाही, त्याच कारणासाठी द्यायची! महिनाभर मी भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. मामांना दुखणं सांगायचीही मला बंदी.

सोयरिकीची सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी धाकटी ज्वारी निवडता निवडता मला म्हणाली, "ताई, माये लेकरं बी असेच होतीन काय वं?" भाऊ पलीकडे पलंगावर होता. त्याने ऐकलं.

पाहुणे यायचे असले की आई त्याला आधीच खुर्चीत बसवायची, पायांवर शाल टाकायची आणि "ताप हाये" म्हणून सांगायची. सुपारीच्या दिवशी मात्र तो खुर्चीत बसलाच नाही, भिंतीला धरून सतरंजीवर उतरला. आईने डोळे वटारले. मामांनी सुपारीला हात घातला, तसा तो म्हणाला, "थांबा मामा."

आणि उठायला लागला. आधी ओणवा झाला, मग ढुंगण वर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर. घामाने सदरा ओला झाला. मामा धावले, तर त्यांचा हात त्याने झिडकारला. उभा राहिल्यावर धापा टाकत म्हणाला, "पाह्यलं? हे आपल्या रक्तातलं हाये. तुमच्या नातवाले असंच उठा लागलं, तर त्याले शिकवाले मी असन का नाई, सांगता येत नाई."

मामांनी सुपारी ताटात ठेवली. सोयरीक मोडली. धाकटी आत जाऊन रडली, आणि मला तर हसावं की रडावं तेच कळेना.

भरल्या घरात अब्रू घालवली म्हणून आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. पण रोज सकाळी त्याच्या पलंगाशी यायची, तोंड फिरवून उभी राहायची आणि हात पुढे करायची. तो हात धरून भाऊ उठायचा.