साडूनं लिहिलेला दर्जा

नेव्हिल ट्रँटरनं इंग्लंडमधल्या वॉल्सॉलमध्ये एकोणतीस वर्षं चोर-अलार्म बसवले. चोर कुठून शिरेल, हे त्याला घराकडे नुसतं बघून कळायचं. पण नियम बदलले, धोक्याचे चार दर्जे आले, एक सगळ्यात कमी, चार सगळ्यात जास्त. आता आधी खास परीक्षा पास झालेल्या माणसानं जागा पाहून दर्जा लिहून द्यायचा, विमेवाल्यांनी तो मान्य करायचा, मगच वायर ओढायची. त्या परीक्षेत नेव्हिल दोनदा आपटला. पहिल्याच फटक्यात पास झाला तो ग्लिन प्रोबर्ट, त्याच्याच कंपनीत आलेला त्याचा साडू, काल-परवापर्यंत गालिचे विकणारा.

ग्लिनला टाय शोभायचा. "ग्लिनचे हात किती स्वच्छ असतात," असं बायको, अ‍ॅव्हरिल, एकदा सहज म्हणाली, तर नेव्हिल आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही.

नोव्हेंबरात मिस विटलम या बाईंच्या जुन्या घड्याळांच्या दुकानाचं काम आलं. ग्लिनच्या कागदावर दर्जा दोन होता. वायर टाकायला नेव्हिल माळ्यावर चढला आणि थबकला. शेजारच्या बंद दुकानाचा आणि हा माळा एकच, मधे भिंतच नव्हती. हत्यारं घेऊन सवडीनं येणाऱ्या माणसाला रान मोकळं. सरळ-सरळ दर्जा तीन, आणि ग्लिननं माळा पाहिलाच नव्हता.

नेव्हिलला आतून उकळ्या फुटल्या. त्यानं कागदाबरहुकूम काम केलं आणि ब्र काढला नाही. येऊ दे चोर, मग बघू टायवाल्याचं तोंड.

शुक्रवारी मिस विटलमचा फोन आला. त्याचे आभार मानून त्या म्हणाल्या, अलार्म बसला म्हणून चर्चचं दोनशे वर्षांचं घड्याळही दुरुस्तीला ठेवून घेतलंय. नेव्हिलनं ताट बाजूला सारलं. तो उठून ग्लिनकडे गेला.

"तुझ्या कागदात माळा राहिलाय," तो दारातूनच म्हणाला. "शेजारच्या दुकानातून सरळ आत येता येतं."

"कधी पाहिलंस?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, नेव्हिल."

"माहीत आहे मला."

ग्लिन उठला. बूट चढवून निघाला, स्वतः माळ्यावर चढला, दर्जा तीन लिहिला. कुणी झाकायला गेलं तरी ओरडणारे सेन्सर नेव्हिलनं विमेवाल्यांचा होकार येताच माळ्यावर बसवले.

फेब्रुवारीत दोघे चोर त्याच वाटेनं आले. भोंगा वाजताच पहार तिथंच टाकून पळाले. कंपनीच्या बैठकीत साहेबांनी ग्लिनचं कौतुक केलं, तेव्हा तो उठून म्हणाला, "माळा माझ्या नजरेतून सुटला होता. तो नेव्हिलनं दाखवला." त्या चार दिवसांबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांनी नेव्हिलसाठी टाळ्या वाजवल्या.

नेव्हिल मान खाली घालून बसला. श्रेय लाटलं असतं, तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. या माणसानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.