रुमालाखालचा हात

भूत, भानामती, करणी... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. बैलबाजारात दलाली करून स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस आहे मी. दात पाहिल्याशिवाय बैलावर विश्वास ठेवत नाही, मग न दिसणाऱ्यावर कुठून ठेवणार? तरी यंदा धुळवडीनंतर जे झालं ते लिहितोय. कुणाला कळलं तर सांगावं.

टेंभुर्णीबाहेर आमचा खडकाळ माळ होता. वडिलांमागे तो दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या नावावर राहिला. प्लॉटिंगसाठी गिऱ्हाईक मी आणलं, बोलणी मी केली... आणि दादाने तो माळ गावाला फुकट देऊन टाकला. रानफुलांच्या बागेसाठी! मला विचारलंसुद्धा नाही.

बायकोच्या हट्टापायी मी त्या दिवशी पहिल्यांदा ती बाग बघायला गेलो. भर दुपार. पळस पेटलेला, पांगारा, काटेसावर, खाली धायटीची लाल झुडपं. जालन्याहून लोक मोबाईल काढून फोटो घेत होते. फाटकावर दादाच्या नावाची पाटी, आणि दादा स्वतः सगळ्यांना झाडं दाखवत होता. मला पाहून म्हणाला, "ये बापू. नुसती फुलं बघ, भाव नको काढू."

लोक हसले. माझी बायकोही हसली.

मी तडक मागच्या कुंपणाकडे गेलो. तिथे पळसाखाली एक फेटेवाला म्हातारा बसला होता. त्याने हात पुढे केला — हातावर रुमाल. आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव. सवयीने माझा हात आत गेला.

"कशाचा सौदा करून राह्यला, बाबा?"

"तू सांग."

डोकं तापलेलंच होतं. म्हणालो, "त्या पाटीवाल्याची बोलती बंद कर. काय घेशील?"

त्याने माझी पाचही बोटं धरली. मी झटकली. पहिला भाव मी कधीच मान्य करत नाही. घासाघीस करत करत एकावर आणला. त्याने माझी तर्जनी धरली... गार हात.

"जमलं," मी म्हणालो आणि रुमाल उचलला. खाली फक्त माझाच हात होता. समोर म्हातारा नाही. कुंपण अखंड, फुलांच्या सड्यावर एक पाऊल नाही.

तेवढ्यात फाटकाकडून आरडाओरड झाली. दादा पाटीखाली पडला होता.

त्याची वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी त्याचं कारण समजावलं — मेंदूत रक्ताची गाठ. माझ्या तर्जनीचं मात्र कुणालाच सांगता आलं नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण बोटाला सुई टोचली तरी कळत नाही. रुमालाखालचे भाव चुकायला लागले, दलाली बसली. लोक म्हणतील, रागात असं बोलू नये. माझा माळ गेला तेव्हा कुठे होते हे लोक?

रुमालाची भाषा दादालाही येते, वडिलांनी दोघांना एकाच बाजारात शिकवली. आता त्याच्याकडे तेवढीच उरलीय. मी गेलो की डाव्या हाताने तो माझा हात चादरीखाली ओढतो आणि नेमकी तीच तर्जनी धरतो. दुसरं बोट दिलं तर तोंड फिरवतो. हे कसं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

वहिनी विचारतात, "काय म्हणून राह्यलेत हे, भाऊजी?"

"चांगलंच म्हणतोय," मी सांगतो.

घरी येऊन बघतो तर बोटावर त्याच्या नखांचे व्रण असतात. खोल.