देवरावच्या चिकटपट्ट्या

देवराव गडचांदूरच्या चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्डही डंपरसारखाच चालवायचा. दिवसभर सुरुंग आणि इंजिन ऐकून त्याच्या लेखी आवाज दोनच प्रकारचे उरले होते: दणदणीत आणि बेकार. आमची भीमगीतांची पार्टी होती. कीबोर्ड देवरावचा, गळा त्याच्या बायकोचा, म्हणजे मनकर्णाबाईचा, आणि ढोलक माझी.

घरात मनकर्णाबाई बोलायला लागली की देवराव अंगणात जाऊन बसे. मंचावर मात्र तो सगळा सूड उगवायचा. ती कडव्याला हात घाली आणि हा दोन्ही हातांनी कीबोर्डवर चढे. लोकांना तिचे नुसते ओठ हलताना दिसत.

दोन हजार दोन साली तो नागपूरहून दोन डबे घेऊन आला. एक इक्वलायझर. त्याला दांड्यांची रांग; जाड, मधला, बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायला. दुसरा कॉम्प्रेसर. एखादा सूर फारच उसळला की हा डबा त्याला दाबून बाकीच्यांच्या रांगेत आणतो. देवरावने सगळ्या दांड्या पार वर सारल्या आणि कोणी खाली ओढू नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी मारली. कॉम्प्रेसर त्याने चालूच केला नाही. त्यावर तो पानाचा डबा ठेवी.

साउंडवाला नूरुद्दीन समजावून थकला. "देवरावभाऊ, भाजीत मिठाची बरणी पुरीच उलटी करते का कोणी? बाईचा आवाज जिथी हाये, तिथीच तुमचा कीबोर्ड बसून राह्यला. मधातल्या दांड्या खाली घ्या. अन् हा दुसरा डबा चालू करून थोडं दाबू द्या."

"दाबून घ्याचे दिवस गेले, नूरुभाऊ!" देवराव छाती काढून म्हणाला.

"मंग मले काऊन दाबून राह्यले?" मागून मनकर्णाबाई म्हणाली. "या बुद्धपौर्णिमेले माहे शब्द लोकायले ऐकू आले नाई, तं मी राजुऱ्याच्या पार्टीत चालली. त्यायनं बलावलं हाये मले."

देवराव हसला. मला हसू आलं नाही. ती गेली तर पार्टीत मी आणि एक डंपर एवढंच उरणार होतं.

पौर्णिमेच्या दुपारी आम्ही मैदानावर साउंड तपासत होतो. मनकर्णाबाईने देवरावला खुर्चीवरून उठवलं. "आज मी वाजवतो अन् मीच गातो. तुमी तिकडं चहाच्या ठेल्यापाशी उभे राहा." इतक्या वर्षांत त्याची आदळआपट तिला तोंडपाठ झाली होती. तिने अगदी तशीच केली.

हा माणूस जन्मभर स्पीकरच्या मागे बसलेला. समोर उभं राहून स्वतःचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. गाणं अर्ध्यावर असताना तो तरातरा परत आला. "आयला, हे तं खाणीतच उभं असल्यावानी वाटते," म्हणत त्याने नखाने चिकटपट्ट्या खरवडल्या आणि कॉम्प्रेसरवरचा पानाचा डबा उचलून माझ्या हातात दिला. नूरुद्दीनने मधल्या दांड्या खाली घेतल्या, कॉम्प्रेसर चालू केला. देवराव पुन्हा ठेल्यापाशी जाऊन उभा राहिला.

मनकर्णाबाई शेवटच्या कडव्याला आली:

धुळीनं माखला धनी माझा, दगड वाहून आला गं,
लेकीच्या हाती पाटी देऊन मगच पाणी प्याला गं.

देवरावचा चहा हातातच राहिला. तो सावकाश चालत मंचापाशी आला. 

"हे कडवं कधी जोडलं?"

"खुशबू पयलीत गेली तवा."

खुशबू, त्यांची पोरगी, त्या वर्षी बारावीची परीक्षा देऊन बसली होती.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"दरवर्षी गाऊनच तं राह्यली."

देवरावने नवीन चिकटपट्टी मागितली आणि दांड्या खाली होत्या तिथेच पक्क्या करून टाकल्या.

संध्याकाळी मैदान भरलं. त्या कडव्याला देवरावने कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. वायर तुटली असं समजून नूरुद्दीन धावत आला. देवरावने मान न वळवता त्याचा हात धरला आणि त्याला शेजारी खाली बसवलं.