फायरप्लेसवरचे बाळ

ती घटना विसरता आली असती तर बरे झाले असते. पण सौदी अरेबियातल्या यान्बूचा तो आठवडा आजही जसाच्या तसा आठवतो. महाराष्ट्र पोलिसांत तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि तिथल्या परदेशी लोकांच्या एका वसाहतीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. खाकी उतरली, संशयी स्वभाव काही उतरला नाही.

तक्रार एका इंग्रज इंजिनिअरची होती. दोन महिन्यांची रजा संपवून तो विलायतेहून परतला आणि तडक माझ्या कार्यालयात आला. त्याच्या दिवाणखान्यात, दिखाऊ फायरप्लेसच्या वर, भिंतीवर एक कोरीव दगड बसवलेला होता. मधोमध हसरे बाळ, भोवती द्राक्षांचे वेल. एसी बंद पडला तर माणूस शिजून निघेल अशा गावात फायरप्लेस कशाला, असे मला नेहमी वाटे. पण तो दगड त्याच्या आजोबांच्या घरातला. घर विकले गेले, तेवढाच उरला होता.

"हा माझा दगड नाही," तो म्हणाला. "कुणीतरी नक्कल बसवली आहे." बाळाचे नाक, ओठ, सगळेच बोथट झाले होते.

संशयित शोधावा लागला नाही. गेटवरच्या रखवालदाराने हळूच खबर दिली. इंजिनिअर नसताना साताऱ्याकडच्या एका गवंड्याने भिंत रंगवण्यासाठी तो दगड उतरवून पुन्हा बसवला होता. शिवाय जेवताना तो म्हणाला होता, "असला दगड मी आठ दिवसांत घडवीन." घराणे पाथरवटाचे. माझ्या लेखी गुन्हा उघडकीस आला होता.

गवंड्याचे विमान गुरुवारचे होते. लग्नानंतर अकरा वर्षांनी बायकोला दिवस गेले होते आणि बाळंतपण तोंडावर आले होते. वसाहतीच्या मॅनेजरने त्याच्या सुटीचे कागद अडवले. बुधवारी संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर प्रकरण शुर्त्याकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे जाणार होते. मग तपास संपेपर्यंत त्याला देश सोडता आला नसता.

बुधवारी सकाळी त्याला समोर बसवले. एकच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने फिरवून विचारायचा, ही माझी जुनी पद्धत. त्याचे उत्तर बदलले नाही.

"बढाई मारली, साहेब. चार माणसांत जीभ सुटली. पण असला दगड हितं आणू कुठनं?"

"मग चेहरा बोथट कसा झाला?"

"दगड त्योच हाय. छिन्नीचं काम न्हाई ते. साखर विरघळावी तसा झिजलाय."

मी डायरीत लिहिले: संशयित हुशार, दिशाभूल करतो. चोराच्या हाती किल्ल्या द्यायला मी काही नवखा नव्हतो.

दुपारी जागेची पाहणी करायला मी त्या घरी गेलो आणि दगडापुढे उभा राहताच चमकलो. वरचे वेल अगदी धारदार होते, पानांच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. खालचे मात्र सगळे झिजलेले. नक्कल करणारा अर्धे काम उत्तम आणि अर्धे वाईट कशाला करील? झीज एका आडव्या रेषेवर थांबली होती. ठेंगण्या माणसाचा हात पोचतो, साधारण तिथे.

त्या घरी रत्नागिरीकडची एक बाई स्वयंपाक आणि साफसफाई करी. पन्नाशीची, ठेंगणी. या तक्रारीचा तिला पत्ताच नव्हता, कारण तिला कोणी काही विचारलेच नव्हते. मी दरडावले नाही. "मावशी, हा दगड कसा पुसता ते दाखवा बघू," एवढेच म्हणालो.

ती खुलली. अर्धे लिंबू मिठात बुडवून आली, टाचा उंचावल्या आणि बाळाच्या गालांवरून ते फिरवू लागली. दगडावर बारीक फेस आला.

"आंघोळ झाली की रोज करते हो. साहेब जाताना म्हणालेले, नीट स्वच्छ ठेव. आमच्याकडे देव लिंबानंच लखलखतात."

आपले देव पितळेचे, नाहीतर काळ्या पाषाणाचे. हा विलायती दगड चुनखडीचा, मऊ, आंबटाने विरघळणारा. दोन महिने ती त्या बाळाला मायेने न्हाऊ घालत होती आणि ते रोज थोडे थोडे वाहून जात होते.

इंजिनिअर दारात उभा होता. मी त्याला इंग्रजीत सगळे समजावले. त्याने त्या गालांवरून बोट फिरवले. मग त्याने बाईच्या हातातले लिंबू काढून घेतले. "उद्यापासून नुसते कोरडे फडके," तो म्हणाला. तिला त्याने कामावरून काढले नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

मी घाईने कार्यालयात परतलो, मॅनेजरला फोन केला आणि गवंड्याला सांगितले, "खलास, प्रकरण मिटले. उद्या जा." चौकशीआधी फोन काढून घ्यायचा ही माझी सवय. त्याचा फोन खणातून काढून दिला, तर त्यावर घरचे मिस्ड कॉल एकाखाली एक. त्याने तिथेच फोन लावला. पलीकडचे रडणे मलाही ऐकू आले.

"मुलगी झाली, साहेब. सकाळीच."

सकाळी, म्हणजे मी त्याला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होतो तेव्हा.

चोर कोण, हे विचारण्याआधी चोरी झाली आहे का हे पाहावे, असे प्रशिक्षणात शिकवतात. मीही नव्या पोरांना शिकवले आहे. पण त्या माणसाने पहिल्या तासातच खरे सांगितले होते आणि ते मी त्याच्याच विरुद्ध लिहून घेतले. मी त्याची माफी मागितली. "असू द्या, साहेब," म्हणत तो डोळे पुसत सामान बांधायला गेला. एवढ्या वर्षांत एखाद्या संशयिताची मी मागितलेली ती पहिलीच माफी. नोकरीतल्या आणखी किती जणांची मागायची राहिली आहे, ते मला ठाऊक नाही.