बंगईचं गिऱ्हाईक

घर विकलं, आता आतल्या सामानाचं काय करू, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही दोघं एकदम म्हणालात, "आजी, गॅरेज सेल कर." आपल्याकडे गॅरेज नाही म्हटल्यावर तुम्ही हसलात आणि मग नियम सांगितलेत. वस्तू पुसून लख्ख ठेवायच्या, प्रत्येकीवर किंमत लिहायची, मोठं सामान रस्त्यावरून दिसेल असं पुढे मांडायचं, आलेल्यांशी गोड बोलायचं. तुमच्या तिकडच्या शेजाऱ्यांचं अंगण म्हणे दुपारपर्यंत रिकामं झालं होतं. नंतर तुम्ही आमच्या सेलचं विचारलंत तेव्हा मी "छान झाला" एवढंच म्हणाले. नीट सांगायचं राहिलं होतं, ते आता लिहिते.

वर्ध्याचं घर बिल्डरने घेतलं. तो ते पाडून फ्लॅट बांधणार आहे. मला पुण्याला तुमच्या मामाकडे जायचं आहे, आणि तिथल्या माझ्या खोलीत पलंग, कपाट आणि मी, एवढंच मावतं. त्यामुळे भांडी, कपाटं, शिलाई मशीन यांचं काय होईल याची मला फारशी फिकीर नव्हती. माझा जीव अडकला होता तो बंगईत. तुमची आई तिला झोपाळा म्हणते. व्हरांड्यातली ती जाड सागवानी पाटी आणि चार पितळी साखळ्या तुम्हाला आठवत असतील. तुम्ही लहान असताना एकदा तिच्यावरून दोघंही पडला होतात. आजोबा जिनिंगच्या कारखान्यातून आले की केसांना चिकटलेला कापूस न झटकताच तिच्यावर बसत. शेवटी शेवटी त्यांना आमची नावं आठवेनाशी झाली, पण बंगईवर बसवलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीला रेटा द्यायचा. ती कुणाच्या तरी घरी टांगली जावी, तिच्यावर कुणीतरी बसावं, एवढंच मला त्या सेलमधून हवं होतं. पैशांची गरज नव्हती.

होळी झाल्यावरचा रविवार धरला. काचेचं काचेजवळ, स्टीलचं स्टीलजवळ, मोठ्या पातेल्यांपासून लहान वाट्यांपर्यंत उतरत्या क्रमाने मांडलं. चिठ्ठ्या डिंकाने चिकटवल्या. कूलर सगळ्यांत मोठा, म्हणून फाटकाजवळ ठेवला.

पहिली आली ती समोरच्या किराणा दुकानाची मालकीण. हातात झाडू तसाच.

"काकू, हे सगळं बाहेर काऊन काढलं? रंग देऊन राह्यल्या काय?"

"विकायला काढलंय."

तिने एक एक चिठ्ठी वाचली. कूलरपाशी आली आणि थांबली. "कूलर विकून राह्यल्या? मंग उन्हाळ्यात कशा राहान?"

मी घर गेल्याचं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. पण इथे मार्चमध्ये कूलर विकणाऱ्या माणसाला निराळं काही सांगावं लागत नाही. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि बंगईवर बसली. मी आत जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर गल्लीतले सगळे आले, पण गिऱ्हाईक म्हणून नाही. मयतीच्या घरी बसायला यावं तसे आले. चपला नीट बाहेर काढल्या, हळू आवाजात बोलले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, पातेल्यांकडे नजर जाऊ दिली नाही. मी प्रत्येकाला चहा दिला. तुमचा गोड बोलायचा नियम मी तंतोतंत पाळला. जाताना प्रत्येकजण "येतो काकू" म्हणाला आणि रिकाम्या हाताने गेला.

अकराच्या सुमारास आजोबांचे जुने मित्र आले. सारं आयुष्य कापसाच्या दलालीत घालवलेले. चिठ्ठ्या पाहून त्यांना हसू आवरेना.

"वहिनी, आमच्या काळात कापसाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरे. तुम्ही तं भाव लिहून फाटकालेच चिकटवला. आता बोलाचं काय?"

"कुणी काही घेतच नाही, भाऊ."

"कसं घेतील? तुम्ही पहिलेच चहा पाजला. चहा सौद्याच्या मागून असते. ज्याच्या घरचा चहा पेला त्याच्याशी घासाघीस कशी करतील ते? आन घासाघीस नाई तं सौदा नाई."

मी म्हणाले, दारात आलेल्याला चहा न देता मला बसता येत नाही. "मंग नका विकू," ते म्हणाले, आणि कप पुढे केला. "थोडा अजून टाका."

हे सगळं चाललेलं असताना समोरची दुकानवाली बंगईवरून उठली नव्हती. मधेच तिने साखळी हाताने चाचपली. "काकू, ही मले द्या. सासूबाईंच्या माहेरी अशीच होती. त्यायले लय आनंद होईल."

मला एवढं बरं वाटलं की मी तिच्यासमोरच चिठ्ठी काढून टाकली. किमतीचं मग बघू म्हणाले. "मुलाले विचारून येतो," म्हणून ती झाडू घेऊन गेली.

भाऊंनी विचारलं, "इसार घेतला काय?" इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची थोडी आगाऊ रक्कम.

"शेजारणीकडून इसार कसा घेणार?"

"मंग सौदा झाला नाई, वहिनी."

"तिने शब्द दिलाय."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते निघाले.

तासाभराने फाटकाशी मोटरसायकल थांबली. जवळच्या आंजी गावचा माणूस, बाजाराला आलेला. कूलर पाहायला आत आला आणि बंगईसमोर उभा राहिला. पाटीच्या खाली वाकून पाहिलं, साखळीची कडी न् कडी बोटांनी फिरवली. म्हणाला, शेतातल्या घराला सागाच्या नाटा, म्हणजे तुळया, आहेत, पुढच्या पडवीत बरोबर बसेल. बापाला संध्याकाळी बसायला जागा होईल.

"द्याची हाय काय, मावशी?"

"ती दिली. समोरच्यांनी सांगून ठेवलीय."

"नेली तं नाई अजून. मी इसार देऊन ठेवतो." त्याने खिशात हात घातलाही.

मी नाही म्हणाले. एकदा दिलेली वस्तू दुसऱ्याला दाखवणंसुद्धा मला शिकवलेलं नव्हतं. चहा विचारला. त्याला घाई होती. कूलर त्याला लहान वाटला. तो निघून गेला. मी नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही.

समोरची दुपारी जेवणानंतर आली. बसली नाही. "मुलगा नाई म्हणते, काकू. वर पीओपी करून ठेवलं हाय, त्याले भोकं पाडू देत नाई. बायकोले बी धूळ चालत नाई." मग हळूच म्हणाली, "मले वाटलं होतं हो म्हणल."

तिला काय बोलणार? तिचं मन खरं होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी आले तेव्हा मी त्यांना आंजीच्या माणसाबद्दल विचारून पाहिलं. ते म्हणाले, "आंजी केवढी मोठी, वहिनी. कोणाले विचारू? मोटरसायकल तं अर्ध्या गावाकडं हाय." तरी त्यांनी बाजारात दोघातिघांना सांगून ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या घरी स्लॅब आहे, वर कड्याच ठेवलेल्या नाहीत. या गावात आता बंगई टांगता येईल असं छत मला तरी माहीत नाही. तीही आपल्यासोबत जुनी झाली, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बिल्डरची तारीख जवळ आली आणि आंजीहून काही निरोप आला नाही. तेव्हा कबाडीवाल्याला बोलावलं. मी सवयीने चहा विचारला. "चाय नको, माय," तो म्हणाला. "पयले भाव करू." सगळं सामान तासाभरात वजनावर गेलं, उतरत्या क्रमाने लावलेली पातेलीही एका पोत्यात. साखळ्या त्याने काट्याला लावल्या. त्या पितळेच्या भावात गेल्या. पाटी त्याला नको होती. शेवटी ठेल्यावर सामान घसरू नये म्हणून ती सगळ्याच्या खाली घातली. पुढे तिचं काय करशील, विचारलं. म्हणाला, सुतार घेईल, नाहीतर अशीच ठेल्यावर राहील.

तुम्हाला कधी घर रिकामं करावं लागलं तर तुमच्याकडचे नियम तुम्हाला माहीत आहेत. माझे एवढेच: चहा नंतर, आणि इसार शेजाऱ्याकडूनही घ्यावा. मला स्वतःला दोन्ही जमले नसते, आजही जमणार नाहीत.

परवा मी जाईन. व्हरांडा आता पूर्ण मोकळा आहे. वर छताला चार कड्या आहेत, त्या घराबरोबर जातील. दाराकडून फाटकाकडे सरळ चालत जाता येतं, पण मी अजून मधल्या जागेला वळसा घालूनच जाते. समोरची तिच्या दुकानातून बघत असते.