गौरींच्या माळा आणि धाकटी मांजर

तुमच्या घरातल्या ख्रिसमसच्या झाडाची सर्वांत खालची फांदी कोणाची, हे तुम्ही कधी ठरवलंय?

आमच्याकडे ते दोन मांजरींपैकी धाकटीने ठरवलं. हिंदी मुलखातल्या आमच्या गावी, खंडेराव गेटजवळच्या घरात, दर डिसेंबरला कुंडीतलं मोरपंखीचं झुडूप ख्रिसमसचं झाड म्हणून गच्चीवरून बैठकीत येतं. पूजापाठवाल्या मराठी घरात हे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी शाळेपासून एकच सांगत आलेय: आनंदाला जातधर्माचा दाखला लागत नाही.

गेल्या वर्षी आईने गौरींची पेटी उघडली आणि जरीच्या माळा झाडावर चढवल्या.

"गौरींचा साज झाडाला?" बाबा.

"गौरी येतात दोन-तीन दिवस. उरलेलं वर्ष पेटीने मिरवायचं का?"

गौरींपुढे मात्र सतत कोणीतरी बसलेलं असतं, मांजरींची तिथे टाप नसते. झाडापुढे कोण बसणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी मांजर कोपऱ्यात ओकाऱ्या काढत होती. ओठाच्या कडेतून जरीचा धागा लोंबत होता. बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तोवर आईने धागा चिमटीत धरलाही.

"खींचिए मत, भाभीजी!" बाबांकडून हे ऐकताच डॉक्टर फोनवरूनच ओरडले. "अंदर आँत कट जाएगी. बस, ले आइए."

आतडं कापलं जाईल हे ऐकून आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बाबांनी धाकटीला शालीत गुंडाळलं, मी स्कूटर काढली. पोट उघडावं लागलं. जगेल का, हे डॉक्टरही सांगेनात. घरी थोरली मांजर दाराकडे तोंड करून बसली होती. आईने एकेक माळ उतरवली.

बाबांनी माळ्यावरून त्यांच्या जुन्या मोर्च्यांच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढला. ही गुलाबी-पिवळी पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. त्यांच्या पट्ट्या कापून, कणकेची खळ लावून आम्ही साखळ्या केल्या.

पोटावर टाके घेऊन धाकटी घरी आली. काही दिवसांनी तिने खालच्या फांदीवरची 'एकजूट' छापलेली पट्टी पंजाने टराटरा फाडली.

"फाड बाई," बाबा गहिवरून म्हणाले, "अजून गठ्ठा आहे."

तुमच्याकडे मांजर असेल, तर वाचून झाल्यावर लगेच उठा. झाडावरची चमकी आणि जरी काढा, खालच्या फांदीवर कागद लावा. आणि तिच्या तोंडातून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका. तिला उचला आणि डॉक्टरकडे न्या.